शेतजमिनीवरील घुबडांच्या पेट्या आणि लोकवर्गणी

खाजगी मालकीच्या जमिनीवर बसवावयाच्या वस्तूसाठी गावाने वर्गणी द्यावी काय, आणि द्यावयाची तर कोणत्या अटींवर, हा प्रश्न ग्रामीण अर्थकारणात वारंवार उपस्थित होतो. इंग्लंडमधील कौटुंबिक शेतांवर घुबडांसाठी बसविल्या जाणाऱ्या घरटे-पेट्या हे या प्रश्नाचे लहान, परंतु बोधप्रद उदाहरण होय. पेटी लाकडाची व साधी असते. तथापि तिच्या निमित्ताने मालमत्तेचा हक्क, सार्वजनिक हित व दात्याचा विश्वास या तिन्ही गोष्टींचा विचार करावा लागतो.

ज्या पक्ष्यासाठी या पेट्या बसविल्या जातात, त्याच्या कुळातील आपल्याकडील पक्ष्यास मराठीत गव्हाणी घुबड म्हणतात. इंग्रजी नावातही धान्याच्या कोठाराचा उल्लेख आहे. दोन्ही नावांवरून या पक्ष्याचा शेतकऱ्याच्या वास्तूशी असलेला जुना संबंध स्पष्ट होतो. हा पक्षी काटक्या जमवून घरटे बांधीत नाही. झाडाची ढोली, कोठाराची तुळई किंवा पडक्या भिंतीतील खबदाड यांवर तो अवलंबून असतो. सन 1932 मध्ये जी. बी. ब्लेकर यांनी केलेल्या पाहणीत इंग्लंड व वेल्समध्ये या घुबडांच्या सुमारे 12,000 जोड्या असल्याचा अंदाज काढण्यात आला होता. 1982 ते 1985 या काळात कॉलिन शॉयर यांनी केलेल्या पाहणीत हाच आकडा सुमारे 3,800 वर आला. या ऱ्हासास एकच कारण नव्हते. खडबडीत गवताची कुरणे नांगराखाली गेली, जुन्या कोठारांची राहती घरे झाली, 1970 नंतरच्या दशकात रोगाने एल्म वृक्षांचा संहार झाल्याने ढोल्या नाहीशा झाल्या आणि वेगवान रस्त्यांवर पक्षी मरू लागले. पेटी या कारणांपैकी केवळ एकाचे, म्हणजे जागेच्या अभावाचे, निवारण करते.

लोकवर्गणीचे समर्थन कशावर आधारलेले आहे, हे पाहण्यासाठी दोन आकडे शेजारी ठेवणे उपयुक्त ठरेल. विणीच्या हंगामात घुबडाची जोडी साधारणतः 350 हेक्टरांच्या परिसरात भक्ष्य शोधते. हिवाळ्यात हे क्षेत्र याच्या कितीतरी पट वाढू शकते. इंग्लंडमधील शेताचे सरासरी क्षेत्र मात्र 80 ते 90 हेक्टरांच्या आसपास आहे. म्हणजे एका शेतकऱ्याच्या कोठारात राहणारे घुबड किमान चार शेतांवर आपला निर्वाह करते. घर एकाचे, अन्न अनेकांचे, अशी ही व्यवस्था असल्याने कोणताही एक शेतकरी सर्व खर्च स्वतः सोसण्यास सहसा प्रवृत्त होत नाही. ज्या वस्तूचा लाभ विखुरलेला असतो, तिच्यावर व्यक्तिशः होणारा खर्च नेहमी अपुरा राहतो, या अर्थशास्त्रीय सिद्धान्ताचेच हे प्रत्यंतर होय.

येथे एक आक्षेप संभवतो. घुबड उंदीर खाते, उंदीर पीक खातात. तेव्हा लाभ शेतकऱ्याचाच असून खर्चही त्यानेच करावा, असे कोणी म्हणेल. मलेशियातील तेलताडाच्या मळ्यांबाबत किंवा इस्रायलमधील शेतीबाबत हा युक्तिवाद बऱ्याच अंशी योग्य आहे. इस्रायलमध्ये 1983 साली बेत शेआन खोऱ्यातील एका सामुदायिक वसाहतीत पेट्या बसविण्यास प्रारंभ झाला, तो पिकांचे रक्षण करण्याच्या हेतूने. इंग्लंडची स्थिती निराळी आहे. तेथे या घुबडाचे मुख्य भक्ष्य म्हणजे उंच गवताच्या बुडाशी राहणारा आखूड शेपटीचा व्होल नावाचा प्राणी. एक घुबड रात्रीत असे सुमारे चार लहान प्राणी खाते हे खरे. परंतु हा प्राणी धान्याच्या शेतापेक्षा कुरणात व बांधावर अधिक आढळतो. त्यामुळे शेतकऱ्यास होणारा आर्थिक लाभ अल्पच असतो. जे मिळते ते मुख्यतः समाजास मिळते: एकेकाळी दुर्मिळ होत चाललेला पक्षी गावाच्या परिसरात टिकून राहतो.

हा भेद कायद्याच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. इंग्लंड व वेल्समध्ये लागू असलेल्या 2011 च्या धर्मादाय संस्थाविषयक कायद्यानुसार अशा संस्थेचे कार्य सार्वजनिक हिताचे असावे लागते. कोणा व्यक्तीस खाजगी लाभ झालाच, तर तो केवळ आनुषंगिक असला पाहिजे. पेटीपासून शेतकऱ्यास होणारा लाभ या मर्यादेत सहज बसतो. म्हणून वर्गणी शेतकऱ्याच्या नावे न जमविता निसर्गरक्षणाचे कार्य करणाऱ्या नोंदणीकृत संस्थेमार्फत जमविणे इष्ट ठरते. त्यात आर्थिक सोयही आहे. ‘गिफ्ट एड’ योजनेखाली आयकर भरणाऱ्या दात्याने संस्थेस एक पौंड दिल्यास सरकारकडून त्यावर 25 पेन्स अधिक मिळतात. खाजगी शेतकऱ्यास दिलेल्या पैशावर ही सवलत नाही. गावच्या जत्रेत जागच्या जागी काढलेल्या सोडतीस नोंदणी लागत नाही. परंतु तिकिटे आगाऊ सर्वत्र विकावयाची झाल्यास 2005 च्या जुगारविषयक कायद्यानुसार संस्थेने सामान्यतः स्थानिक प्राधिकरणाकडे नोंद करावी लागते.

निधी जमविणाऱ्यांची खरी परीक्षा मात्र पैसा हाती आल्यानंतर सुरू होते. दात्यास पेटी दिसते. तिच्यामागील वर्षानुवर्षांचा खर्च दिसत नाही. पेटी कोठाराच्या आत बसविली तर ती कोरडी राहते व दीर्घकाळ टिकते. उघड्या शेतात खांब रोवून बसवावयाची झाल्यास खर्च पुष्कळच वाढतो आणि ऊनपावसाने लाकूडही लवकर झिजते. प्रवेशाच्या भोकापासून पेटीचा तळ किमान 45 सेंटिमीटर खोल असावा लागतो. अन्यथा उडता न येणारी पिले बाहेर पडून मरतात. जॅकडॉ पक्षी पेटीत काटक्यांचा ढीग रचतात, तो काढावा लागतो. शिवाय 1981 च्या वन्यजीवविषयक कायद्याने या घुबडास विशेष संरक्षण असल्यामुळे विणीच्या काळात पेटी उघडून पाहण्यास परवाना लागतो. म्हणून अंदाजपत्रकात पेटीच्या किमतीबरोबरच तपासणी, सफाई, दुरुस्ती व कालांतराने पेटी बदलणे या बाबी प्रारंभापासून समाविष्ट करणे अगत्याचे आहे. शंभर पेट्या बसवून विसरण्यापेक्षा वीस पेट्या बसवून सांभाळणे हितावह होय.

याच कायद्यामुळे शेतकऱ्यावरही भार पडतो. पेटीत घुबडांची वीण चालू असता कोठाराची दुरुस्ती त्यास पुढे ढकलावी लागते. तो पैसा देत नसला तरी जागा, रस्ता व संयम देतो. हे त्याचे अंशदानच समजले पाहिजे. तसेच जमिनीत पक्की रोवलेली वस्तू जमिनीचा भाग ठरते, असे तेथील सामान्य कायद्याचे तत्त्व आहे. शेत खंडाने घेतलेले असेल, विकले गेले किंवा वारसांत विभागले गेले, तर पेटी कोणाची आणि तपासणीस येण्याचा अधिकार कोणास, हा वाद उद्भवू शकतो. जमीनमालक, कसणारा व संस्था या तिघांत आरंभीच लेखी करार असल्यास हा वाद टळतो.

दात्यांस द्यावयाचे आश्वासनही मोजके असावे. व्होलची संख्या तीन ते चार वर्षांच्या चक्राने कमीअधिक होत असते आणि तिच्याबरोबर घुबडांची वीणही. 2013 च्या दीर्घ थंडीनंतर ब्रिटनमध्ये अनेक पेट्या रिकाम्याच राहिल्या. पेटी रिकामी राहणे म्हणजे निधी वाया जाणे नव्हे. पण हे दात्यास आधी सांगितले नसेल, तर दुसऱ्या वर्षी वर्गणी मिळत नाही. जमलेली रक्कम अपुरी पडली अथवा शिल्लक राहिली तर तिचा विनियोग कसा होईल, हेही आवाहनपत्रातच नमूद करावे; एरवी विशिष्ट हेतूने दिलेला पैसा अन्य कार्यास वापरताना कायदेशीर अडचण येते.

शेवटी पेटीच्या मर्यादेचा विचार करणे प्राप्त आहे. ज्या शेताभोवती खडबडीत गवताचे पट्टे उरले नाहीत, तेथे पेटी बसविणे म्हणजे अन्नाविना घर बांधणे होय. ज्या शेतावर तीव्र उंदीरनाशके सर्रास वापरली जातात, तेथे विषारी भक्ष्य खाऊन पक्ष्यास अपाय होण्याचा संभव असतो. म्हणून कोणते शेत निवडावे, हा निर्णय वर्गणीच्या रकमेइतकाच महत्त्वाचा आहे, आणि तो दात्याच्या आवडीवर किंवा शेतकऱ्याच्या ओळखीवर न सोडता गवताच्या पाहणीवर आधारलेला असावा. लोकवर्गणीने पेटी मिळते. गवत मात्र शेतकऱ्यानेच राखावयाचे असते. आणि गावाने आपला पैसा त्याच्या जमिनीवर खर्च करताना त्याच्याकडे मागण्याजोगी अट कोणती असेल, तर ती हीच.