अधिवास आणि मोफत उपचार (परभणी जिल्हा)

परभणी जिल्ह्यात राज्य शासनाच्या आरोग्य विमा योजनेतून उपचार घेण्यासाठी रुग्णाला शिधापत्रिका, आणि ती नसल्यास अधिवास प्रमाणपत्र दाखवावे लागते. अधिवास प्रमाणपत्रासाठी महाराष्ट्रात सर्वसाधारणपणे १५ वर्षांचे सलग वास्तव्य सिद्ध करावे लागते. ज्यांच्याजवळ यांपैकी एकही कागद नाही, त्यांना या प्रतीक्षेच्या काळात कोणते उपचार मिळू शकतात आणि कोणते अडतात, हा या लेखाचा विषय आहे.

पार्श्वभूमी

वास्तव्याची वर्षे मोजण्याची रीत या भागाला नवी नाही. १९४८ पर्यंत परभणी जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. संस्थानात ‘मुलकी’ ठरण्यासाठी, म्हणजे प्रामुख्याने सरकारी नोकरीस पात्र होण्यासाठी, बाहेरून आलेल्या माणसाला १५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागे. आजच्या अधिवासाच्या अटीशी त्या नियमाचा कायदेशीर संबंध नाही. वर्षांचा आकडा मात्र तोच आहे.

विमा योजना आणि तिची अट

राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली. शेजारचा नांदेड त्यांत होता, परभणी नव्हता. २१ नोव्हेंबर २०१३ पासून ती राज्यभर लागू झाली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. प्रारंभी पिवळ्या व केशरी शिधापत्रिकाधारकांपुरती असलेली ही योजना पुढे परभणीसह १४ आपत्तीग्रस्त जिल्ह्यांतील पांढरी शिधापत्रिका असलेल्या शेतकऱ्यांनाही खुली झाली. त्यासाठी सातबारा उतारा लागे. सातबारा असलेल्याला असा मार्ग मिळाला. ज्याच्याकडे जमीनही नाही आणि कोणत्याच रंगाची पत्रिकाही नाही, तो मजूर बाहेरच राहिला.

२८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने सर्व शिधापत्रिकाधारक व अधिवास प्रमाणपत्रधारक कुटुंबांना योजनेत घेतले आणि संरक्षण वार्षिक दीड लाखावरून पाच लाख रुपयांवर नेले. उत्पन्नाची अट अशा रीतीने मागे पडली. रहिवासाचा पुरावा ही आता खरी अट आहे.

प्रतीक्षेत कोण असते

परराज्यांतून वीटभट्टीवर वा बांधकामावर आलेली कुटुंबे यांत सहज लक्षात येतात. त्यांच्याखेरीज सीमेपलीकडून लग्न होऊन आलेली सून असते. तिचे नाव माहेरच्या पत्रिकेतून कमी झालेले असते आणि सासरच्या पत्रिकेत अद्याप चढलेले नसते. एकत्र कुटुंबातून वेगळा निघालेला मुलगाही विभक्त पत्रिका हाती येईपर्यंत अडचणीत येऊ शकतो.

ऊसतोड मजुरांची अडचण उलट्या बाजूची आहे. गंगाखेड, पाथरी, सोनपेठ, पालम या भागांतून मुकादमाची उचल घेऊन टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. ‘एक देश, एक शिधापत्रिका’ व्यवस्थेमुळे त्यांचे धान्य त्यांच्यामागे परराज्यात जाऊ शकते. राज्याची आरोग्य योजना तशी जात नाही. ती सुविधा केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेच्या पात्र कुटुंबांनाच आहे.

पुराव्याचा प्रश्न

अधिवासाचा अर्ज सेतू केंद्रातून किंवा ‘आपले सरकार’ संकेतस्थळावरून करता येतो. अडचण अर्जाची नसून जोडपत्रांची आहे. वीजबिल घरमालकाच्या नावे असते, भाडेकरार झालेला नसतो आणि पालात राहणाऱ्याला घर क्रमांकच नसतो. अशा कुटुंबाकडे अनेकदा तारीखवार पुरावा एकच सापडतो, तो म्हणजे मुलांच्या शाळेच्या प्रवेश-निर्गम नोंदवहीचा उतारा. शाळेतील ही सर्वांत रूक्ष वही. पण तिच्यातील एका ओळीचे मोल शाळेबाहेर किती असते, हे शिक्षकांच्याही क्वचितच ध्यानात येते. दर हंगामात शाळा बदलणाऱ्या मुलांच्या बाबतीत हा पुरावाही तुटक होतो.

कागदाविना मिळणारे उपचार

१५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. त्यासाठी शिधापत्रिकेची अट नाही. हा निर्णय वैद्यकीय शिक्षण विभागाच्या रुग्णालयांना लागू नाही. परभणीत २०२३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यामुळे, आपण जातो ते रुग्णालय कोणत्या विभागाचे आहे, हे विचारून घेणे येथे अगत्याचे झाले आहे. शासकीय रुग्णालयातील प्रसूती आणि नवजात बालकाचे उपचार जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून मोफत आहेत. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिकाही विनामूल्य आहे. तातडीच्या प्रसंगी जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केले. राज्याच्या हद्दीत रस्ते अपघातात जखमी झालेल्यांसाठीच्या योजनेत तर परराज्यातील व्यक्तीलाही लाभ मिळतो.

उपचार अडतात ते मुख्यतः हृदयशस्त्रक्रिया, कर्करोग यांसारख्या खर्चिक आजारांत. त्यासाठी परभणीच्या रुग्णाला बहुधा नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते, आणि खासगी रुग्णालयात विम्याविना खर्च स्वतःच करावा लागतो. धर्मादाय रुग्णालयांत निर्धन रुग्णांसाठी १० टक्के खाटा मोफत व दुर्बल घटकांसाठी १० टक्के खाटा सवलतीत राखीव असतात; मात्र तेथेही तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका मागितली जाते. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील वयाच्या सर्व नागरिकांना आयुष्मान भारत योजना खुली झाली असून, तिची नोंदणी आधारवर होते. या वयोगटापुरता अधिवासाचा प्रश्न उरलेला नाही.