जुने ट्रक-इंजिन विकताना: वजनाचा भाव आणि वस्तूचा भाव

आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांपैकी अनेकांच्या गोदामात एखादे जुने यंत्र पडून असते. कुठे उघडून ठेवलेला लूम, कुठे बंद जनरेटर, तर कुठे वडिलांच्या काळातील ट्रकचे इंजिन आणि गिअरबॉक्स. ट्रक केव्हाच मोडीत निघालेला असतो, पण 'कधीतरी कामाला येईल' म्हणून इंजिन ठेवलेले असते. वर्षे जातात, गंज चढतो, जागा अडते. मग एक दिवस भंगारवाला येतो आणि काट्यावर तोलून घेऊन जातो.

दुसरीकडे याच बांधवांना काही ना काही छंद असतो. कोणी कबुतरे पाळतो, कोणी जुनी नाणी जमवतो. आम्हाला जुने व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करण्याची आवड आहे. व्हॉल्व्ह, कंडेन्सर, स्पीकर यांना पैसा लागतो, आणि तो दुकानाच्या गल्ल्यातून काढला की हिशेब बिघडतो. सुताचे देणे, कारागिरांची मजुरी, विजेचे बिल यांचा रुपया छंदाला लावणे व्यापाऱ्याला परवडत नाही. पडीक माल विकून छंदाची वेगळी रक्कम उभी करणे हा त्यावर चांगला मार्ग आहे. मात्र तो माल नीट समजून विकला पाहिजे.

आधी वस्तू ओळखा

आमच्या घरी होते ते टाटा-मर्सिडीजचे इंजिन. टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, हिने १९५४ साली जर्मनीच्या डाइम्लर-बेंझ कंपनीशी करार करून जमशेदपूरला हे ट्रक बांधायला सुरुवात केली. १९६९ साली तो करार संपला आणि जाळीवरचा तीन टोकांचा तारा जाऊन टाटांचे 'टी' अक्षर आले. त्या काळातील ३१२ जातीच्या इंजिनात सहा सिलिंडर असून त्याची क्षमता साधारण साडेचार लिटर आहे. मालेगाव, भिवंडी, मुंबई या रस्त्यावर कापडाच्या गाठी अशाच गाड्यांनी वाहिल्या. हुंडेकरी लोक या ट्रकला नुसते 'मर्सिडीज' म्हणत. कोणाकडे कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याचे डॉज किंवा फार्गो असेल, कोणाकडे लेलँड.

ब्लॉकवरची धूळ रॉकेलने पुसून इंजिनाचा नंबर वाचा, त्यावर कागद धरून पेन्सिलीने छाप घ्या. डिझेल पंपावरची पट्टीही पुसा. त्यावर 'मायको' किंवा 'बॉश' असे नाव आणि नंबर असतो. गिऱ्हाईक पहिला प्रश्न हाच विचारते.

तीन गिऱ्हाइके, तीन भाव

कापडाच्या धंद्यात चिंधी किलोने जाते आणि थान मीटरने जाते. कापड तेच, पण भावात जमीन-अस्मानाचा फरक. इंजिनाचेही तसेच आहे.

पहिले गिऱ्हाईक भंगारवाल्याचे. तो लोखंडाचा भाव देतो. समजा इंजिन व गिअरबॉक्स मिळून ५०० किलो भरले आणि भाव ३० रुपये धरला, तर १५,००० रुपये झाले. यात स्टार्टर आणि डायनामोमधले तांबेही लोखंडाच्या भावात जाते, हे ध्यानात ठेवा.

दुसरे गिऱ्हाईक जुन्या सुट्या भागांच्या व्यापाऱ्याचे. त्याला पंप, हेड, क्रँकशाफ्ट, स्टार्टर हवा असतो. तो भंगारापेक्षा अधिक देतो, पण निवडून नेतो आणि उरलेला सांगाडा आपल्या गळ्यात ठेवतो. सौदा करायचा तर सगळ्या मालाचा करावा.

तिसरे गिऱ्हाईक ज्याला तीच वस्तू हवी आहे त्याचे. जुनी गाडी मूळ रूपात उभी करणारे शौकीन देशात आहेत. त्यांच्या गाडीचे इंजिन फुटले तर नवे मिळत नाही, म्हणून ते वजन पाहत नाहीत. हे गिऱ्हाईक लवकर सापडत नाही. त्याच्यासाठी जुन्या मिस्त्रींना सांगून ठेवावे लागते, फोटो पाठवावे लागतात आणि काही महिने थांबावे लागते. छंदासाठी विकणाऱ्याला घाई नसते, हेच त्याचे बळ.

जोडी तोडू नका

इंजिन एकाला, गिअरबॉक्स दुसऱ्याला असे केले की दोन्हींची किंमत उतरते. दोघांना जोडणारे बेल हाउसिंग, फ्लायव्हील, क्लचचा संच, गिअरचा दांडा, पायाचे ब्रॅकेट, शाफ्टची फ्लँज हे सर्व एकत्र असेल तरच घेणाऱ्याला ते बसवता येते. ड्रेस मटेरियलमधला दुपट्टा हरवला की बाकीचे कापड कटपीसच्या ढिगात जाते, तसाच हा प्रकार. म्हणून नटबोल्टसुद्धा डब्यात भरून, चिठ्ठी लावून ठेवा.

ऐब सांगून विका

वर्षानुवर्षे बंद असलेल्या इंजिनाला बॅटरी लावून एकदम स्टार्टर मारू नये. अडकलेला पिस्टन किंवा रिंग तुटते. मिस्त्रीकडून इंजेक्टर काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडावे, दोन-चार दिवस थांबावे आणि मग फ्लायव्हील हाताने, पहारीने हळू फिरवून पाहावे. तेल दुधासारखे पांढरट दिसले तर त्यात पाणी गेले आहे असे समजावे. गिअरबॉक्सचे तेल काढून त्यात दातांचे तुकडे आहेत का ते पाहावे.

जे आढळेल ते गिऱ्हाइकाला सांगा आणि पावतीवर लिहा. मालातला ऐब लपवून विकणे आपल्याकडे नाजायज मानले आहे, आणि धंद्याच्या दृष्टीनेही ते तोट्याचे आहे. दूरच्या गावाहून टेम्पो करून आलेला माणूस फसला तर तो चार ठिकाणी सांगतो. 'इंजिन फिरते, पण चालवून पाहिलेले नाही' एवढे खरे वाक्य पुरेसे असते.

कागद

ट्रकच्या आरसी बुकात चेसिसचा आणि इंजिनाचा असे दोन्ही नंबर असतात. गाडी कायमची निकामी झाली तर मालकाने १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आरटीओला कळवून आरसी परत करावी, असे मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५५ मध्ये सांगितले आहे. नोंदणी रद्द झाल्याचा कागद घरात असेल तर त्याची प्रत सौद्याला जोडा. नसेल तर आधी आरटीओत चौकशी करा. चोरीचा माल घेणे हा गुन्हा असल्याने शहाणे गिऱ्हाईक कागदाशिवाय इंजिनाला हात लावत नाही.

पावतीवर दोन्ही बाजूंची नावे, पत्ते, इंजिन नंबर, बयाना, बाकी आणि सह्या हव्यात. दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास २०१७ पासून आयकर कायद्याने मनाई आहे. इंजिन दुकानाच्या वहीत मालमत्ता म्हणून दाखवले असेल तर जीएसटीचे काय ते हिशेबनीसाला आधी विचारा.

मालक कोण?

ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. इंजिन आपल्या गोदामात आहे म्हणून ते आपले ठरत नाही. ट्रक वडिलांच्या नावावर होता, वडील वारले आणि वाटणी झाली नाही, तर ते इंजिन तर्क्यातले आहे. घर व दुकानाची वाटणी होते, पण असला माल 'भंगार' म्हणून ज्या भावाकडे पडला त्याचाच समजला जातो. बहिणींना तर कोणी विचारतही नाही.

समजा इंजिन ४०,००० रुपयांना गेले. वडिलांचे कर्ज फिटलेले आहे आणि वारस म्हणून आई, दोन मुलगे व एक मुलगी आहेत. आईचा आठवा हिस्सा म्हणजे ५,००० रुपये. उरलेल्या ३५,००० मध्ये प्रत्येक मुलाचे १४,००० आणि मुलीचे ७,०००. म्हणजे छंदाला वापरता येतात ते १४,०००, चाळीस हजार नव्हे. बहिणीने आपला हिस्सा खुशीने सोडला तर गोष्ट वेगळी, पण तिला खरी किंमत कळल्यावर सोडला पाहिजे. 'भंगार होते, देऊन टाकले' असे सांगून घेतलेली संमती ही संमती नव्हे. आम्ही सौद्याआधी भावाला आणि बहिणींना बसवून आलेला भाव सांगितला. धाकट्या बहिणीने हिस्सा मागितला, तो दिला. राहिले त्यात आमच्या रेडिओंचे काम चालते.

आलेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा आणि छंदाचा खर्च त्यातूनच करा. ती संपली की दुकानाकडे हात न नेता पुढचा पडीक माल शोधा. आधी मालकी ठरवा, मग नंबर वाचा, जोडी सांभाळा, ऐब सांगा, आणि काट्यावर चढवण्याआधी सहा महिने गिऱ्हाईक शोधा. एवढे करूनही कोणी आले नाही तर भंगारवाला आहेच. त्याचे दुकान कुठे जात नाही.