मधुमेह आणि शेतकऱ्याचा आहारविहार

मधुमेह हा गादीवर बसणाऱ्यांचा रोग. नांगरामागें चालणाऱ्याच्या वाटेस तो जात नाहीं, अशी आपल्याकडे फार दिवसांची समजूत आहे. ती आतां सोडली पाहिजे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची जी पाहणी २०२३ सालीं प्रसिद्ध झाली, तींत देशांतील मधुमेहींची संख्या सुमारें १० कोटी ठरली. आणि खेड्यांतही दर शंभर प्रौढांत जवळजवळ नऊजण या रोगानें ग्रासलेले आढळले.

याचें कारण शोधण्यास दूर जावयास नको. मोट गेली व पंप आला, औतामागची चाल ट्रॅक्टरनें वांचविली, बांधापर्यंत मोटारसायकल जाऊं लागली. श्रम कमी झाले, परंतु ताट पूर्वींचेंच राहिलें; उलट त्यांत साखर वाढली.

आपण खाल्लेल्या अन्नाची साखर होऊन ती रक्तांत उतरते. ती शरीराच्या पेशींत पोंचविणारें इन्सुलिन हें द्रव्य जणूं दारें धरणारा गडीच होय. हा गडी थकला, किंवा वाफ्यांनीं त्याचें ऐकणें सोडलें, कीं पाट तुडुंब वाहतो आणि पीक मात्र सुकतें. वारंवार लघवी, अतिशय तहान, थकवा व वजन घटणें हीं लक्षणें त्यामुळेंच होतात. मात्र पुष्कळांत कित्येक वर्षें कोणतेंही लक्षण दिसत नाहीं. सडपातळ मनुष्यानेंही निर्धास्त राहूं नये. अंग बारीक असूनही पोटांत चरबी सांठते, हें पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनानें दाखविलें आहे. म्हणून जमिनीची माती तपासून घेणाऱ्या शेतकऱ्यानें तिशीनंतर आपलें रक्तही तपासून घ्यावें. उपाशीपोटीं साखर १०० मिलिग्रॅमच्या आंत असावी. ती १२६ किंवा अधिक भरल्यास व फेरतपासणींतही तसेंच आढळल्यास मधुमेह समजावा.

आतां आहाराविषयीं. साखर वाईट व गूळ चांगला, असें ऊंस पिकविणारे आमचे बंधु हटकून सांगतात. परंतु गुळानेंही रक्तांतील साखर वाढते. मधुमेह्यास दोन्ही सारखींच वर्ज्य. चहाचा हिशेब करून पहावा. पांच कप व प्रत्येकीं दोन चमचे, म्हणजे दिवसास सुमारें ५० ग्रॅम आणि महिन्यास दीड किलो साखर केवळ चहांतून पोटांत जाते. ज्वारी, बाजरी व नाचणी हीं सडीक तांदुळापेक्षां बरीं खरीं, तथापि भाकरीही मोजूनच खावी. अर्ध्या ताटांत पालेभाजी, फळभाजी व काकडी-मुळा, पाव ताटांत मटकी, हुलगे किंवा वरण, आणि उरलेल्या पावांत भाकरी, असा नेम ठेवावा. एकादशीचा साबुदाणा व बटाटा हा मधुमेह्यास उपवास नसून अपायच होय. तंबाखू व मद्य यांस रजा द्यावी.

शेतांत फेरी मारली म्हणजे व्यायाम झाला, असें समजूं नये. दररोज अर्धा तास दम थोडा वाढेल अशी सलग चाल ठेवावी, जेवणाच्या वेळा पाळाव्या व झोंप पुरी घ्यावी.

शेतकऱ्यास खरें भय पायांचें आहे. या रोगांत पायांची संवेदना मंदावते. कांटा रुतला किंवा शेकोटीनें तळवा भाजला, तरी कळत नाहीं. जखम चिघळते आणि शेवटीं पाय कापण्याची पाळी येते. यास्तव अनवाणी शेतांत जाऊं नये, पाय शेकोटीजवळ नेऊं नयेत, आणि रोज रात्रीं दिव्याच्या उजेडांत तळवे व बोटांमधील बेचके पहावे. लहानशी जखमही त्याच दिवशीं डॉक्टरांस दाखवावी. डोळ्यांची तपासणी वर्षांतून एकदां करवावी.

औषध चालू असतां तें कोणाच्या सांगीवरून बंद करूं नये. औषध घेऊन जेवण चुकल्यास घाम सुटतो व हातपाय कांपतात. अशा वेळीं तीन चमचे साखर पाण्यांत घालून तत्काळ घ्यावी. मधुमेह्यानें कामावर जातांना साखरेची पुडी जवळ बाळगावी, ती एवढ्याचसाठीं.

हा रोग बहुधा समूळ जात नाहीं, पण ताब्यांत राहतो. शेतांतील तण एकदां खुरपून भागत नाहीं, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. तीच चिकाटी त्यांनीं आपल्या देहाविषयीं दाखवावी, एवढीच आमची विनंति आहे.