आजोबा जिना चढतात, हे यंत्राला कसं कळतं?

मुलांनो, आधी एक गंमत करा. मनगटावर बोटं ठेवा आणि एका मिनिटात नाडीचे किती ठोके पडतात ते मोजा. आता दोनदा जिना चढून-उतरून पुन्हा मोजा. वाढले ना? पायांना जास्त रक्त हवं होतं, म्हणून हृदयानं आपणहून वेग वाढवला.

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक चिमुकला पुंजका असतो. तो विजेचे हलके इशारे देतो. कवायतीला सर 'एक-दो-एक' म्हणतात ना, तसंच! पण पुंजका थकला किंवा इशारा वाटेतच अडला, तर ठोके मंदावतात, चक्कर येते. कधी जिवावरही बेततं.

स्वीडनमधल्या आर्ने लार्सन यांची हीच गत झाली होती. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी डॉ. ऑके सेनिंग यांनी त्यांच्या शरीरात पेसमेकर बसवला. तो बनवला होता रूने एल्मक्विस्ट यांनी. संपूर्णपणे शरीरात बसवलेला जगातला हा पहिला पेसमेकर काही तासांतच बंद पडला! लगेच दुसरा बसवला. असे एकूण २६ पेसमेकर वापरत लार्सन ८६ वर्षे जगले.

ते पहिले पेसमेकर एकाच चालीचे होते. माणूस झोपलेला असो वा चालत असो, इशारे तेवढेच. आजचा पेसमेकर मात्र आधी हृदयाचं 'ऐकतो'. ठोका आपोआप पडला, तर गप्प बसतो. चुकला, तरच इशारा देतो. अनेक पेसमेकरांत हालचाल ओळखणारा भाग असतो. आजोबा जिना चढू लागले, की ठोके वाढवायचे. बसले, की कमी करायचे. किती वाढवायचे, ती मर्यादा डॉक्टर ठरवून देतात. काही पेसमेकर तर किती कमी वीज पुरेल, हेही स्वतःच तपासतात. त्यामुळे बॅटरी जास्त वर्षे टिकते.

तुमच्या घरी कुणाला पेसमेकर असेल, तर एवढं सांभाळा. खेळातलं लोहचुंबक त्यांच्या छातीजवळ नेऊ नका. चुंबक जवळ आलं, की बहुतेक पेसमेकर हृदयाचं ऐकणं थांबवून जुन्यासारखे एकाच चालीने इशारे देऊ लागतात. मोबाइलही वरच्या खिशात नको. १५ सेंटिमीटर तरी दूर हवा.

आणि हो, "आजोबा, तुम्ही नुसते बसून राहा," असं म्हणू नका हं! डॉक्टरांनी परवानगी दिली असेल, तर त्यांचा हात धरून रोज फिरायला न्या. ते चालू लागले, की छातीतलं यंत्रही पावलं ओळखून त्यांना साथ देईल.