‘शमवणे’ : अर्थ आणि प्रयोग

‘शमवणे’ हे क्रियापद संस्कृतातील ‘शम्’ या धातूवरून आले आहे. शांत, शांती, शमन, उपशम हे शब्द त्याच कुळातले. मराठीत ‘शमणे’ हे अकर्मक आणि ‘शमवणे’ हे त्याचे प्रयोजक रूप. राग आपोआप शमतो, किंवा कोणीतरी तो शमवते.

रागाखेरीज आपण तहान, भूक, कुतूहल आणि बंडही शमवतो. या सगळ्यांत समान गोष्ट एकच : उसळलेल्या वेगाचे उतरणे. मूळ कारणाचे काय झाले, हे क्रियापद सांगत नाही. शमलेली तहान तासाभराने पुन्हा लागते. ‘निवळणे’ याहून वेगळे. गढूळ पाण्यात निवळीचे बी उगाळून घातले की गाळ तळाशी बसतो आणि वर नितळ पाणी राहते. राग निवळला म्हणताना मन असे स्वच्छ झाल्याचे सुचवायचे असते.

रचनेची एक अट लक्षात घ्यावी. ‘शमवणे’चे कर्म राग असतो, माणूस नव्हे. ‘त्याने वडिलांचा राग शमवला’ हे ठीक. ‘त्याने वडिलांना शमवले’ हे कानाला खटकते. माणसाविषयी बोलायचे तर आपण त्याची समजूत काढतो, मनधरणी करतो किंवा रुसवा काढतो.

आमच्या इंदूरकडे या तिन्ही जागी आता ‘मनवणे’ ऐकू येते. ‘बहिणीला मनवलं’ हे वाक्य मी उत्तरपत्रिकांत नेहमी वाचतो. हिंदीतील ‘मनाना’चा सहवास पाहता हे स्वाभाविक आहे, आणि बोलण्यात ते चालावेही. मात्र त्या एका शब्दापायी तीन छटा हरवतात. समजूत काढताना कारण पटवावे लागते. मनधरणीत विनवणी असते, थोडा कमीपणा घेणेही असते. रुसवा तर आपल्या माणसावरच धरता येतो; परक्यावर कोणी रुसत नाही.

हा भेद घरापुरता नाही. ‘लोकांचा रोष शमवण्यासाठी समिती नेमली’ असे वाक्य वृत्तपत्रात येते, तेव्हा ते फक्त ताप उतरवण्याच्या उपायाविषयी सांगते. गाऱ्हाणे ऐकले गेले की नाही, याविषयी ते मौन बाळगते. क्रियापदाचा अर्थ नेमका ठाऊक असलेला वाचक तिथे थांबतो आणि विचारतो : रोष शमवला, पण समजूत कोणाची काढली?