पटावरचे नाव आणि वर्गातले शिक्षण

दिव्यांग मुलांना सर्वसाधारण शाळेत घ्यावे की नाही, हा वाद कायद्यापुरता केव्हाच मिटला आहे. १९७४ साली केंद्राने एकात्म शिक्षणाची योजना आणली. १९९५ च्या कायद्याने अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाची हमी दिली आणि २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातावरून एकवीसवर नेत समावेशक शिक्षणाची जबाबदारी शाळांवर टाकली. यांतल्या पहिल्या दोन पावलांनंतरही २०११ च्या जनगणनेत ५ ते १९ वयोगटातली जेमतेम ६१ टक्के दिव्यांग मुले शिकत होती. पाव हिश्श्याहून अधिक मुलांनी शाळेची पायरीच चढलेली नव्हती. ‘हे आपल्याकडे जमत नाही’ असे म्हणणारे मग लगेच पुढे येतात. माझे म्हणणे असे की, जे जमले नाही म्हणतात ते आपण धडपणे करूनच पाहिलेले नाही.

२०२१-२२ च्या सरकारी आकडेवारीनुसार देशातल्या साधारण निम्म्या शाळांत कठड्यासह रॅम्प होता, पण दिव्यांगांना वापरता येईल असे चालू स्वच्छतागृह जेमतेम २७ टक्के शाळांत. म्हणजे चाकाची खुर्ची वऱ्हांड्यापर्यंत पोहोचते आणि खुर्चीतली मुलगी दिवसभर पाणी पिणे टाळते. वर्गातही तेच. बाई फळ्याकडे तोंड करून बोलू लागल्या की ओठ वाचून समजून घेणाऱ्या मुलाचा तास तिथेच संपतो. ‘ही बाजू आणि ही बाजू समान’ असे बोट दाखवून सांगितले की अंध मुलाच्या हाती काहीच लागत नाही. बाजूंची नावे उच्चारायला पैसे पडत नाहीत. ब्रेल शिकवायला मात्र माणूसच लागतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर दहा आणि पुढे पंधरा विशेष गरजा असणाऱ्या मुलांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण सांगितले. महाराष्ट्रात हे शिक्षक वर्षानुवर्षे कंत्राटी राहिले. २०२४ मध्ये ४,८६० पदे मंजूर झाली ती केंद्रामागे (म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटामागे) एक या हिशोबाने. केंद्रात डझनभर शाळा धरल्या तर एका शाळेच्या वाट्याला आठवड्यातून अर्धा दिवस येतो. त्याला शिक्षण म्हणायचे की भेट?

यावरचा नेहमीचा आक्षेप असा की बाकीची मुले मागे पडतील. उपलब्ध अभ्यासांचा एकंदर कौल असा की त्यांच्यावर वाईट परिणाम फारसा दिसत नाही. खुद्द दिव्यांग मुलांबाबत मात्र चित्र इतके गुळगुळीत नाही. २०२२ मधल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय आढाव्यात सरासरी फायदाही आढळला नाही आणि तोटाही नाही. काही मुलांना लाभ झाला, काहींना नाही. विरोधक यातून ‘मग कशाला?’ असे काढतात. मला त्यात उलट दिसते: नुसते एका छपराखाली बसवल्याने काही होत नाही. इटलीने १९७७ च्या कायद्याने समावेशन स्वीकारले तेव्हा साहाय्यक शिक्षक आणि वर्गातल्या मुलांच्या संख्येवर मर्यादा या दोन गोष्टी त्याच कायद्यात घातल्या. आपण पहिली ओळ उचलली आणि पुढचे पान उलटलेच नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो मला अंशतः मान्य आहे. कर्णबधिर मुलाला खाणाखुणांची भाषा बोलणारे सवंगडी लागतात. चाळीस ऐकणाऱ्यांत ते एकटेच असेल तर त्याची भाषाच खुंटते. अशा मुलांसाठी विशेष शाळा हव्यातच. मुंबईत त्या एकोणिसाव्या शतकापासून आहेत आणि तिथल्या शिक्षकांच्या हाती पिढ्यांचा अनुभव आहे. अडचण अशी की विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाकडे आणि बाकीच्या शालेय शिक्षण विभागाकडे, त्यामुळे हे ज्ञान रस्ता ओलांडून शेजारच्या जिल्हा परिषद शाळेत सहसा जात नाही. विशेष शाळा बंद करा, ही मागणी म्हणूनच उतावळी. त्यांतल्या शिक्षकांचे काही तास साध्या शाळांना द्या, ही मागणी रास्त. ती मांडायची जागाही आहे: शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के जागा पालकांना दिल्या आहेत. पुढच्या सभेत रंगरंगोटीचा विषय निघण्याआधी, आपल्या शाळेत विशेष शिक्षक महिन्यातून किती तास येतात हे विचारा, आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.