फाइल जागेवर, तरी प्लगइन सापडेना

मुख्य प्रोग्राम प्लगइनला हाक कशी मारतो, ते गेल्या भागात पाहिलं. आता त्या हाकेला ओ येत नाही तेव्हा काय करायचं, ते पाहू.

विंडोज १० वर बिनतक्रार चालणारं प्लगइन विंडोज ७ वर टाकलं की ‘स्पेसिफाइड मॉड्यूल’ सापडत नाही, असा संदेश येतो. फोल्डरमध्ये पाहावं तर प्लगइनची डीएलएल फाइल तिथेच असते. लोक पुन्हा डाउनलोड करतात, पुन्हा इन्स्टॉल करतात, संदेश तोच.

हा एरर १२६. यात बेपत्ता असते ती बहुतेक वेळा प्लगइनला लागणारी दुसरीच एखादी फाइल. प्रत्येक डीएलएलच्या पोटात, कोणत्या फाइलींमधली कोणती फंक्शन्स लागतील, याची यादी असते. त्यातली एक नोंद जुळली नाही, तरी विंडोजचा लोडर अख्खी डीएलएल नाकारतो. जुन्या संगणकावरच ‘डिपेंडन्सी वॉकर’मध्ये ती उघडा. वाळूच्या घड्याळाचं चिन्ह असलेल्या नोंदींच्या मागे लागू नका; त्या गरज पडेल तेव्हाच लोड होतात. ‘एपीआय-एमएस-विन-सीआरटी’ने सुरू होणाऱ्या फाइली सापडत नाहीत असं दिसलं, तर युनिव्हर्सल सी रनटाइम नाही असं समजा. विंडोज १० मध्ये तो मुळातच असतो, विंडोज ७ ला केबी२९९९२२६ हे अपडेट लागतं.

एरर १२७ चं दुखणं वेगळं. तिथे फाइल असते, फंक्शन नसतं. ‘गेटसिस्टिमटाइमप्रिसाइजअ‍ॅजफाइलटाइम’ हे नेमकी वेळ सांगणारं फंक्शन विंडोज ८ पासून आलं. प्लगइनने ते फक्त लॉगमध्ये वेळ लिहायला वापरलं असलं, तरी विंडोज ७ चा लोडर दार उघडत नाही. अशा वेळी कुठल्याशा साइटवरून नवी ‘कर्नेल३२’ आणून सिस्टिम फोल्डरमध्ये मुळीच टाकू नका. संगणक सुरूच होणार नाही. हे काम प्लगइन लिहिणाऱ्याचं आहे. त्याने ते फंक्शन ‘गेटप्रॉकअ‍ॅड्रेस’ने चालत्या प्रोग्राममध्ये शोधावं, आणि नसेल तर जुन्या फंक्शनवर भागवावं. चार ओळींचं काम आहे, तेवढं करायलाच हवं.

एरर १९३ बहुधा ३२ आणि ६४ बिटची सरमिसळ सांगतो. मुख्य प्रोग्राम ज्या बिटचा, त्याच बिटचं प्लगइन घ्या.

विंडोज एक्सपीवर मात्र खरी कसोटी लागते, कारण तिथे प्लगइन लोड होतं आणि मग कोसळतं. प्रत्येक थ्रेडसाठी राखीव ठेवायची जागा व्हिस्टाच्या आधीचा लोडर फक्त प्रोग्रामबरोबर सुरुवातीला आलेल्या डीएलएलना नीट देत असे. प्लगइन तर नेहमी मागाहून येतं. व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ पासून फंक्शनच्या आतल्या स्टॅटिक व्हेरिएबलसाठी कंपायलर हीच जागा आपणहून वापरतो, त्यामुळे लिहिणाऱ्याला चूक कुठे झाली ते कोडमध्ये दिसतच नाही. ‘थ्रेडसेफइनिट’ हा पर्याय बंद करून प्लगइन पुन्हा कंपाइल करावं. मग दोन थ्रेड एकाच वेळी तिथे पोहोचणार असतील, तर कुलूप आपलं आपण लावायचं.